थंड मशीन ओढून दाखवणारे मेस्त्री: मालवणातल्या आउटबोर्ड दुरुस्तीच्या दुकानाचा अनुभव

होडीच्या मागच्या फळीला लावायचं लहान आउटबोर्ड मशीन सकाळी चालू व्हायला छळत असेल आणि तुम्ही मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यात राहत असाल, तर मालवण बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका गल्लीत ज्या मेस्त्रींचं दुकान आहे, तिथे ते घेऊन जा. मी पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला तेही पुढे लिहिते. दुकानाला पाटी नाही. नाव आणि फोन नंबर नेटवर घालू नका असं मेस्त्रींनी स्पष्ट सांगितलंय, म्हणून घालत नाही. बंदरावर कुठल्याही होडीवाल्याला "आउटबोर्डचे मेस्त्री" म्हणून विचारलंत तर तो हात करून दाखवेल.

आमचं घर देवबागला. दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि फायबरची एक लहान होडी आहे. होडीला 9.9 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन. सेल्फ नाही, दोरी ओढूनच चालू करायचं. मुलगा पहाटे ते घेऊन जाळ्यांवर जातो. दिवसा घरी उतरलेल्या पाहुण्यांना कर्ली नदीत फिरवून आणायचं काम मी नाहीतर माझी जाऊ करते. मशीन धुणं, प्लग पुसणं, ऑइल मोजून पेट्रोलमध्ये घालणं हे घरात माझ्याकडे असतं. मशीनच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच.

देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना इथली परिस्थिती ठाऊक आहे. एका बाजूला कर्ली, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. ओहोटीला नदीचं पाणी संगमातून जोरात बाहेर धावतं आणि समोरून येणाऱ्या लाटा वाळूवर फुटतात. तिथे मशीन बंद पडलं आणि पुन्हा लागलं नाही तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. नांगर आणि वल्ही होडीत कायम असतात, ती वापरताही येतात. पण होडीत दुसऱ्याची लहान मुलं बसलेली असताना माझा सगळा भरवसा त्या दोरीवर असतो. म्हणून "चालू व्हायला जरा जड जातंय, पण होतं ना शेवटी" हे बोलणं मला पटत नाही. जड जात असेल तर त्याला कारण असतं, आणि ते किनाऱ्यावर असतानाच सापडलं पाहिजे.

पावसाळ्यात मशीन उतरवून पडवीत ठेवलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर परत चढवलं, तेव्हापासून सकाळी दोरी ओढून ओढून हात भरून यायचे. चोक (थंड मशीनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायचा दांडा) पूर्ण ओढला की कधीतरी धरायचं, चोक आत ढकलला की गुरगुरून बंद पडायचं. एकदा चांगलं गरम झालं की दुपारी मात्र कुरकुर नाही. वेग दिला की जोरही पूर्ण. थोडक्यात, दुखणं थंड असतानाचं आणि हळू चालीवरचं.

आधी आम्ही ते दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथे कोणी काही विचारलं नाही. दोन्ही प्लग बदलले, मग कॉइल बदलली, आणि तरीही सकाळचा त्रास तसाच राहिला तेव्हा "सीडीआय गेलाय" म्हणून सांगितलं. सीडीआय म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. त्याची किंमत पाच आकडी सांगितली. ठिणगी तपासून पाहिली का, याला उत्तर मिळालं नाही. मशीन गरम असताना चालू करून दाखवायचे आणि "हे बघा, झालं" म्हणायचे. घरी आणून दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा पुन्हा घामाघूम. आमच्यासारख्यांचा हंगाम जेमतेम आठ-नऊ महिन्यांचा असतो. त्यात असे आठवडे फुकट जातात आणि पैसेही. याचा मला अजून राग आहे.

या मेस्त्रींकडे गेलो तर त्यांनी मशीनला हातच लावला नाही. टेम्पोतून उतरवून स्टँडवर उभं करायला लावलं आणि मला बसायला स्टूल दिलं.

"काकी, थंड आसताना त्रास देता काय गरम झाल्यार?"

मग एकामागून एक प्रश्न. चालू होऊन बंद पडतं की धरतच नाही? चोक आत ढकलल्यावर लगेच मरतं की थोड्या वेळाने? दोरी ओढताना पेट्रोलचा वास येतो का? ओढून दमल्यावर प्लग काढून पाहिलेत तेव्हा "वले होते काय सुके?" टाकीत पेट्रोल कधीचं आहे? पावसाळ्यात ठेवताना कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा केला होता का? नुसतं "त्रास देतं" एवढं सांगून ते सोडत नाहीत. मी सांगितलं की प्लग जवळजवळ सुकेच निघायचे. त्यावर ते म्हणाले की मग ठिणगीच्या मागे नंतर लागू, आधी पेट्रोल कुठे अडतंय ते बघू.

हे जे त्यांनी सांगितलं ते प्रत्येक होडीवाल्याच्या उपयोगाचं आहे. खूप वेळा दोरी ओढूनही प्लग सुका असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. प्लग ओला चिंब असेल तर पेट्रोल पोचतंय, पण एकतर ठिणगी पडत नाही किंवा चोक जास्त वेळ ओढून मशीन पेट्रोलने भरलंय. भरलं असेल तर चोक पूर्ण आत, प्लग काढून पुसायचे, आतलं पेट्रोल दोरी ओढून बाहेर काढायचं, उडून जायला थोडा वेळ द्यायचा, आणि मग मूठ पूर्ण वेगावर ठेवून पुन्हा ओढायचं. सुरू झालं की लगेच मूठ कमी करायची. एवढ्याशा तपासणीवरून अर्धा रस्ता कळतो आणि त्यासाठी लागतो फक्त प्लगचा 21 चा पाना.

नंतर त्यांनी टाकी मागितली. आम्ही नेली होती ते बरं झालं. टाकी हलवू न देता तळातून थोडं पेट्रोल पाइपने काढून एका रिकाम्या काचेच्या बाटलीत घेतलं आणि बाटली खिडकीत ठेवली. आम्ही बोलत बसलो. थोड्या वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं. वर निळसर पेट्रोल होतं. टू-स्ट्रोकच्या ऑइलचा निळा रंग त्यात उतरलेला. खाली बोटभर जाडीचा दुसरा थर, जरासा गढूळ, पण त्यात निळेपणा जवळजवळ नाही. मधली रेघ इतकी सरळ की पट्टीने आखावी.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. 2023 पासून वीस टक्क्यांचं मिश्रण पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात पडवीत ठेवलेल्या टाकीला ओलीची काय कमी. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि जड असल्यामुळे तळाला बसतं. टाकीतली ओढनळी तळाशीच असते, त्यामुळे मशीनला पहिला घोट मिळतो तो याचा. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं, खालच्या थरात उतरत नाही. टू-स्ट्रोक मशीनला वंगण मिळतं ते फक्त पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलातून. आमच्या मशीनला एका लिटरला 20 मिली, म्हणजे पन्नासाला एक. खालचा थर आत गेला तर मशीन चालू व्हायला त्रास देईलच, पण ज्या दिवशी चालू राहील त्या दिवशी ते वंगणाशिवाय फिरेल. मेस्त्रींनी ती टाकी पूर्ण रिकामी करायला लावली, आतून पुसून सुकवली. त्यातलं जुनं पेट्रोल ना होडीत, ना स्कूटरमध्ये वापरायला दिलं.

टाकी झाली, तरी त्यांचं समाधान झालं नाही. पुढे पाइप. पाइपच्या मधे जो रबरी फुगा असतो, तो दाबून पेट्रोल वर चढवतात. फुग्यावर बाण असतो, तो मशीनच्या दिशेला हवा. दाबताना फुगा उभा धरून बाण वर केला तर आतल्या झडपा नीट बसतात आणि फुगा लवकर कडक होतो. आमचा फुगा कडक व्हायचा, पण नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागायचा. मेस्त्रींनी फुगा आणि मशीन यांच्या मधे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला आणि मला दाबायला सांगितलं. नळीतून पेट्रोल येत होतं आणि त्याच्याबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ. टाकीच्या तोंडाला पाइप जिथे खटकन बसतो, त्या जोडातली ओ-रिंग सुकून चपटी झाली होती. ही जागा फुग्याच्या अलीकडची, ओढीच्या बाजूची, त्यामुळे पेट्रोल बाहेर गळत नाही. हवा आत शिरते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि पाइपवर कोणाचा संशय जात नाही.

ठिणगी त्यांनी पाहिलीच, पण सगळ्यांत झटपट. दाराबाहेर सावलीत, पेट्रोलची बाटली आणि टाकी लांब नेऊन, प्लग टोपीत लावून त्याचं धातूचं अंग मशीनच्या उघड्या धातूला टेकवलं आणि दोरी ओढली. दोन्ही प्लगवर निळी, टचटचीत ठिणगी. सीडीआय अगदी ठणठणीत. दुसऱ्या ठिकाणी सांगितलेला पाच आकडी खर्च तिथल्या तिथे गेला. ठिणगी नसती तर त्यांनी काय केलं असतं तेही मी विचारून घेतलं. आधी लाल दोरीची किल्ली, म्हणजे मनगटाला अडकवायची ती, जागेवर नीट बसलीय का ते पाहायचं. ती बसलेली असूनही ठिणगी नसेल तर बंद करायच्या स्विचची वायर सोडवून पुन्हा ओढायचं. आता ठिणगी आली तर खराबी स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे, महागाच्या डब्यात नाही. खाऱ्या हवेत स्विच आतून गंजणं इथे नेहमीचंच.

प्लगबद्दल एक छोटी गोष्ट. आमच्या मशीनला एनजीकेचा बी7एचएस-10 लागतो. शेवटचा 10 म्हणजे फट 1.0 मिलिमीटर. आधीच्या ठिकाणी शेवटी 10 नसलेला प्लग बसवला होता. तो बसतो, चालतोही, पण फट कमी. मेस्त्रींनी फट मोजायच्या पत्तीने मला दोन्हीतला फरक दाखवला. तुमच्या मशीनच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच पूर्ण नंबर दुकानात सांगा.

आता कार्बोरेटर. दुकानात माझा सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला आणि बघायलाही इथेच समाधान वाटलं. उघडण्याआधी त्यांनी हळू चालीचा स्क्रू हलक्या हाताने आत फिरवत किती फेरे जातो ते मोजलं आणि खडूने भिंतीवर लिहिलं, जोडताना तो तेवढाच बाहेर यावा म्हणून. मग खालची वाटी सोडली. वाटीच्या तळाला पांढुरका-हिरवट साका, बोटाने घासला तर रवाळ लागणारा. फ्लोट, म्हणजे वाटीत पेट्रोल किती यावं ते ठरवणारा तरंगता भाग, उचलून त्याची सुई पाहिली, ती ठीक होती. मोठा जेट, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा भोकाचा तुकडा, उजेडाकडे धरला, भोक स्वच्छ दिसलं. म्हणूनच वेग दिल्यावर मशीनला जोर पूर्ण मिळत होता. मग पितळेचा हळू चालीचा जेट, करंगळीच्या पेराएवढाही नाही, चिमटीत धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. "उजेड दिसता?" दिसत नव्हता. पूर्ण बंद.

तो जेट त्यांनी क्लिनरमध्ये बुडवून ठेवला. थोड्या वेळाने कपाटातून तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, रीळ काढली, आम्ही जाळ्याला वापरतो तोच, पण एकदम बारीक नंबरचा. त्याचं टोक ब्लेडने तिरकं छाटून जेटच्या भोकातून हळूहळू फिरवत पार केलं. सुई किंवा स्टीलची तार घालत नाहीत. पितळ मऊ असतं, भोक ओरखडलं किंवा मोठं झालं तर पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं. तंगूस भोकातला कचरा ढकलतो, पितळ कोरत नाही. मग कार्बोरेटरच्या अंगातल्या बारीक वाटांतून हवेचा फवारा. पुन्हा जेट उजेडाकडे. सुईच्या टोकाएवढा गोल प्रकाश, कडा स्वच्छ. मला तो दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. स्वतःच्या कामावर प्रेम असलेला कारागीर बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

चोक ओढला की हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून बंद जेटवरही मशीन कसंबसं धरायचं. चोक आत ढकलला की हळू चालीला पेट्रोलच नाही, म्हणून मरायचं. त्यात टाकीच्या जोडातून हवा आणि तळाचा पाणीदार थर. तीन दुखणी एकावर एक बसली होती. कुठलंही एकच बरं केलं असतं तर त्रास अर्धवट राहिला असता आणि आम्ही पुन्हा सीडीआयकडे वळलो असतो.

जोडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं. दोन्ही प्लग काढून, मूठ पूर्ण उघडून, एकेका सिलिंडरला गेज लावून. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. दोघांत मोठा फरक आला असता तर रिंगा, पिस्टन किंवा हेडचं गॅस्केट बघावं लागलं असतं, असं ते म्हणाले. ही तपासणी त्यांनी मी न सांगता केली आणि तिचे वेगळे पैसे लावले नाहीत.

आम्ही बसलो असताना आचऱ्याकडचे एक आजोबा केरोसीनवर चालणारं जुनं मशीन घेऊन आले होते. त्यांचीही सकाळचीच तक्रार. अशी मशीनं पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावर केरोसीनवर घ्यायची असतात, कारण थंड मशीनमध्ये केरोसीनची वाफ होत नाही. पण किनाऱ्याला येताना पुन्हा पेट्रोलवर घेऊन थोडं चालवून मगच बंद करायचं. तसं केलं नाही तर कार्बोरेटरच्या वाटीत केरोसीनच उरतं आणि दुसऱ्या दिवशी कितीही ओढा, लागत नाही. मेस्त्रींनी त्यांची वाटी रिकामी करून पेट्रोल भरलं, मशीन लागलं, आणि पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळपर्यंत आमचं मशीन जोडून झालं. दुकानामागे पाण्याने भरलेला निळा प्लास्टिकचा पिंप आहे, त्यात बुडवून चालू केलं. पाण्याबाहेर ते मशीन क्षणभरही फिरवत नाहीत, पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला की जळतो. मशीन छान लागलं, मागून पाण्याची धार छान. मी पैसे काढले. मेस्त्री म्हणाले, "आत्ता गरम आसा, आता लागला म्हणान काय उपयोग? आज हयच ठेवा. फाल्यां सकाळी येवा, थंड मशीन ओढून दाखवतंय."

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. आमची तक्रार थंड मशीनची होती. तेव्हा थंड मशीन लागलं तरच काम झालं, हे ज्याला समजतं तो माणूस दुरुस्ती करतो. बाकीचे भाग बदलतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा रात्रभर उभ्या राहिलेल्या मशीनला त्यांनी स्वतः हात लावला नाही. मला ओढायला सांगितलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सोडला, फुगा कडक केला, गिअर मधे, मूठ चालू करायच्या खुणेवर, चोक पूर्ण. पहिल्या ओढीला खोकलं. पुढच्या ओढीला लागलं. चोक अर्धा आत, मग पूर्ण आत, आणि मशीन संथ, एकसारखं चालत राहिलं. ते बंद करून, पुन्हा गार होऊ देऊन, जावेकडूनही ओढून घेतलं.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. दोरी ओढायचं काम बायकांचं नाही, हाताला जोर लागतो, असं मला आणि जावेला आधीच्या ठिकाणी ऐकवलं गेलं होतं. मेस्त्रींना तसं सांगितलं तर ते चिडले. "ताकद लागता तर मशीन आजारी आसा." एवढंच बोलून त्यांनी जावेला नीट शिकवलं. दोरी आधी हळू ओढायची, आत दाते धरल्याचं हाताला जाणवतं तिथे थांबायचं, आणि मग खांद्याने नाही, अंग मागे नेत एका दमात ओढायचं. सुरुवातीलाच जोरात हिसका दिला तर दाते धरायच्या आधीच अर्धी दोरी फुकट जाते. दोरी हातातून सोडून द्यायची नाही, हाताने परत आत न्यायची. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका वल्ह्यांवर कांदळवनाची सफर चालवतात, ते मी पाहिलंय. तिथे कोणी बायकांच्या ताकदीची चर्चा करत नाही. नीट असलेलं लहान मशीन आमच्या घरातली कुठलीही बाई चालू करू शकते आणि आता करतेही.

खर्चाचं सांगायचं तर मजुरी, कार्बोरेटरची गॅस्केटं, ओ-रिंगा, बरोबर नंबरचे दोन प्लग आणि टाकी ते मशीन मधे पाणी वेगळं करणारा पारदर्शक वाटीचा फिल्टर, हे सगळं मिळून सीडीआयच्या सांगितलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. फिल्टर मी मागून घेतला. वाटीत पाणी साठलं तर डोळ्यांना दिसतं, आणि मला दिसणाऱ्या गोष्टीवर जास्त विश्वास. बदललेले जुने भाग पिशवीत घालून परत दिले, न मागता.

अर्धा तारा कापला तो असा. काम उघडण्याआधी ते अंदाजे खर्च सांगत नाहीत. "बघल्याशिवाय कसा सांगू" हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण हातावर पोट असलेल्याला वरची मर्यादा तरी कळायला हवी. मागितल्याशिवाय बिल मिळत नाही, मागितलं तर वहीच्या कागदावर मिळतं. होम स्टेचा हिशेब ठेवणाऱ्यांना ते पुरत नाही. फोन ते कामात असताना उचलत नाहीत, आणि कामात ते दिवसभर असतात. कार्बोरेटर धुताना उघड्या ताटलीत पेट्रोल आणि हाताला मोजे नाहीत. मी त्यांना रबरी मोजे वापरा म्हणून सांगून आले आणि पुन्हा सांगणार आहे. फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाली नवी मोठी मशीनं ते घेत नाहीत. संगणक लावून तपासायचं काम माझं नव्हे असं सरळ सांगून कंपनीच्या सेंटरकडे पाठवतात. हा मात्र मी दोष धरत नाही.

गर्दीबद्दल. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आणि सगळ्यांना आठवण होते ती नारळी पौर्णिमा झाल्यावर. तेव्हा त्यांच्या दारात मशीनांची रांग लागते आणि दिवाळीपर्यंत हटत नाही. तुमचं मशीन पावसाळ्यात उतरवलं की लगेच, जूनमध्येच न्या. तेव्हा ते निवांत असतात, धुऊन, कार्बोरेटर रिकामा करून, प्लगच्या भोकांत ऑइल सोडून, फ्लायव्हील फिरवून, गिअरचं ऑइल बदलून ठेवतात. आम्ही यंदापासून तेच करणार. टाकी रिकामी करून ठेवायची, पेट्रोल साठवायचं नाही, आणि हंगामात दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण एका वेळी करायचं, हे त्यांनी बजावलंय.

नेताना मशीनबरोबर टाकी आणि पाइपही न्या, टाकीतलं पेट्रोल बदलू नका, प्लग पुसू नका. आदल्या संध्याकाळनंतर मशीन चालू करू नका, म्हणजे ते थंडच पोचेल. शक्य असेल तर सकाळी नऊच्या आत पोचा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, आणि सोमवारी मेस्त्री स्वतःच होडी घेऊन गेलेले असतात.